चिपट्याचा हिशेब

बँकेच्या नोकरीत मी कर्जदार दोन प्रकारचे पाहिले. नोटीस मिळाली की दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला शाखेच्या दारात उभे राहणारे, आणि पाकीट न फोडताच ते देव्हाऱ्यामागे खोचून ठेवणारे. छत्तीस वर्षांत या दुसऱ्या जातीच्या माणसांवर मी पुष्कळ चिडलो. काहींना चार शब्द सुनावलेही. निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी माझ्याच रक्ताच्या तपासणीचा अहवाल हाती आला, तेव्हा मी तो आठ दिवस टेबलाच्या खणात पासबुकाखाली ठेवून दिला. घरात कुणाला बोललो नाही. आपण कोणत्या जातीचे, हे त्या आठ दिवसांत मला कळलं.

उपाशीपोटीची साखर ११२ आणि एचबीए१सी ६.१. दोन्ही आकड्यांपुढे प्रयोगशाळेनं छोटी फुली मारलेली. यातला दुसरा आकडा म्हणजे साधारण गेल्या तीन महिन्यांतली साखरेची सरासरी शिल्लक, असं समजायला हरकत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी लंघन करून पहिला आकडा थोडा सजवता येतो. सरासरी सजवता येत नाही. ती ५.७ च्या खाली असावी, ६.५ ला मधुमेह. मधल्या पट्ट्याला मधुमेहपूर्व अवस्था म्हणतात. मी त्या पट्ट्याच्या बरोबर मध्यावर उभा होतो.

आमचे डॉक्टर पंचवीस वर्षांच्या ओळखीचे. ते म्हणाले, "साहेब, खातं अजून बुडीत नाही गेलेलं. पण हप्ते थकायला लागलेत." त्यांना वाटलं, आपण गमतीनं बोललो. मला मात्र ते तंतोतंत पटलं. हप्ता थकून नव्वद दिवस उलटले की कर्ज अनुत्पादक ठरतं, हे आता वर्तमानपत्रं वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्या आधीच्या पायऱ्यांवर असलेल्या कर्जांसाठीही रिझर्व्ह बँकेची एक वर्गवारी आहे: विशेष उल्लेखाची खाती. अनुभव असा, की वसुली होते ती इथेच. या टप्प्यावर कर्जदार भेटतो, बोलतो, त्याचा धंदा चालू असतो. एकदा खातं पलीकडे गेलं की मग कागद, वकील आणि जप्ती. मला आलेली ही नोटीस होती, जप्ती नव्हे.

जप्ती कशी असते ते मी वडिलांच्या रूपानं पाहिलं होतं.

वडील राजापूर तालुक्यात शाळामास्तर. पन्नाशीच्या आतबाहेर त्यांना 'गोड लघवी'चं निदान झालं. ते शिस्तीचे गृहस्थ. त्याच दिवशी चहातली साखर सोडली, गणपतीतला मोदकसुद्धा हातात घेऊन परत ताटलीत ठेवला. गावात त्यांच्या निग्रहाचं कौतुक झालं. आणि तेच वडील सकाळी पेज, दुपारी भाताची मूद आणि तिच्यावर दुसरी मूद, रात्री पुन्हा भात असं जेवत राहिले. साखरेचा रोग म्हणजे साखर बंद, एवढंच आम्हाला माहीत. भात हा आमच्या लेखी पदार्थ नव्हताच. ते जेवण होतं. १९८८ च्या पावसाळ्यात वहाणेचा खिळा त्यांच्या अंगठ्यात शिरला. पाय बधिर झालेला, दुखलं नाही. "दुखत नाही ना, मग काही नाही," असं म्हणून तीन दिवस त्याच पायानं शाळेत गेले. आधी अंगठा काढला, मग घोट्यापासून पाऊल. त्यानंतर तीन वर्षांनी ते गेले. पुढे माझ्या एका कादंबरीत नायकाचा बाप मधुमेहानं जातो. ते प्रकरण लिहिताना मी दोन-दोन चमचे साखरेचा चहा पीत होतो, हे आज आठवतं.

वडिलांना कुणी न सांगितलेली गोष्ट अगदी साधी आहे. तांदूळ, गहू, ज्वारी, साबुदाणा, बटाटा यांच्यात जे पिष्ट असतं ते म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची माळ. जिभेला ती गोड लागत नाही इतकंच. आतड्यात माळ तुटते आणि मणी रक्तात उतरतात. तेथून त्यांना पेशींत पोचवायचं काम इन्शुलिनचं. हे मणी साठवायचं सर्वांत मोठं कोठार म्हणजे आपले स्नायू. कोठार लहान असेल, किंवा पोटातल्या चरबीमुळे त्याचं दार नीट उघडत नसेल, तर माल रस्त्यावर पडून राहतो. स्वादुपिंड बिचारं जास्त जास्त इन्शुलिन सोडून वर्षानुवर्षं निभावून नेतं, आणि एक दिवस थकतं. ते थकायला लागल्याची पहिली चिन्हं म्हणजे आमचा हा मधला पट्टा.

"पण मी लठ्ठ कुठे आहे?" हा माझा पहिला आक्षेप. उंची पाच फूट सहा इंच, वजन ७१. पोट थोडं पुढे, पण ते खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला शोभेल इतकंच. या आक्षेपाचं उत्तर आमच्या पुण्यातच तयार आहे. के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आपला दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापला. उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा २२.३, एका आकड्याचाही फरक नाही. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, आतून स्थूल, असा हा आपला भारतीय देह. डॉ. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मतः वजनानं कमी, पण चरबी त्या मानानं राखून असलेली आढळली. जणू पोटात असतानाच त्यांना टंचाईची खबर लागलेली असते. मग टंचाईच्या हिशेबानं घडलेल्या या देहासमोर आपण साठीपर्यंत रोज पंगत वाढत राहतो. जून २०२३ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेहींचा अंदाज १०.१ कोटी आणि मधल्या पट्ट्यात असलेल्यांचा १३.६ कोटी होता. म्हणजे रांग दारातल्यांपेक्षा दाराबाहेर मोठी आहे.

नवव्या दिवशी मी अहवाल सौ.ला दाखवला. ती बार्शी तालुक्यातली. आमच्या घरात पस्तीस वर्षं भात विरुद्ध भाकरी हा खटला चालू होता आणि माझी आई असेपर्यंत निकाल नेहमी भाताच्या बाजूनं लागत आला होता. अहवाल वाचून तिनं चष्मा काढला आणि म्हणाली, "अहो, मी पहिल्यापासून सांगत होते. भाकरी खा." तिच्या बोलण्याला वजन होतं. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर मिळालेली परदेशी लाल मिलो तिनं लहानपणी खाल्लेली आहे. खरी ज्वारी म्हणजे काय हे ती जाणते. शिवाय तेव्हा संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष नुकतंच सरलं होतं. जिकडेतिकडे ज्वारी-बाजरीचं गुणगान चाललेलं. मी शरण गेलो. दुपारी दोन भाकरी, रात्री दीड. सोबत पिठलं, ठेचा, वर शेंगदाण्याची चटणी. भाताला जवळजवळ हात लावला नाही. औषध इतकं रुचकर असू शकतं याचा मला आनंद झाला होता.

तीन महिन्यांनी एचबीए१सी ६.२.

अशा वेळी बँकेतला माणूस जे करतो तेच मी केलं: व्हाउचर काढून बसलो. स्वयंपाकघरात छोटा डिजिटल तराजू आणला, जुनं लेजर उघडलं आणि आठवडाभर ताटात पडणारी प्रत्येक गोष्ट कच्च्या वजनानं मांडली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. त्यांप्रमाणे शंभर ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे ७८ ग्रॅम कर्बोदकं, ज्वारीत ६८, गव्हाच्या कणकेत ६४, बाजरीत ६२. हे वाचून मी दोनदा चष्मा पुसला. ज्वारी आणि गहू यांच्यात मला वाटलं होतं तसं जमीन-अस्मानाचं अंतर नव्हतंच; उलट कणीक चार ग्रॅमनं खालीच होती. तांदळाशी तुलना केली तर ज्वारीचा मोठा गुण तिच्या चोथ्यात: तांदळात तीन ग्रॅमसुद्धा नाही, ज्वारीत दहा.

आता माझा हिशेब. पूर्वी दिवसाला ११० ग्रॅम तांदूळ आणि साठ ग्रॅम कणकेच्या दोन पोळ्या: कर्बोदकं १२४ ग्रॅम. भाकरीच्या राज्यात, एक भाकरी पंचाहत्तर ग्रॅम पिठाची, अशा साडेतीन: १७८ ग्रॅम. मी पथ्य म्हणून जवळजवळ दीडपट खात होतो!

कुठलं अन्न रक्तातली साखर किती झपाट्यानं चढवतं, याची मोजणी १९८१ साली टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी मांडली. ग्लायसेमिक इंडेक्स हा शब्द तेव्हापासूनचा. शब्द उपयोगाचा आहे, पण तो वेग सांगतो, रक्कम नव्हे. कर्जदाराच्या भाषेत हा व्याजदर आहे. व्याजदर थोडा कमी मिळाला म्हणून कर्ज दीडपट उचललं तर हप्ता वाढणारच. मी नेमकं तेच केलं होतं. परिषदेच्याच पाहणीतून आहाराबद्दलचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा माझी घरगुती चूक राष्ट्रीय असल्याचं पाहून थोडं समाधान वाटलं. आपल्या जेवणातली साधारण ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून येते. आणि एकूण प्रमाण न घटवता नुसता पांढऱ्या तांदळाऐवजी गहू किंवा भरडधान्य घेतल्यानं धोका कमी झालेला दिसत नाही. कर्बोदकांचा थोडा वाटा काढून त्या जागी डाळी-कडधान्यं, दूध-दही यांतली प्रथिनं आली, तर मात्र धोका कमी दिसतो. थोडक्यात, रक्कम या खात्यातून त्या खात्यात फिरवून भागत नाही. ती कमी करावी लागते.

लेजरमध्ये आणखी काही जुन्या भानगडी सापडल्या. एकादशीची साबुदाण्याची खिचडी: साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण ज्यानं केली त्यानं निदान अगोदरच करून ठेवलं आहे. संध्याकाळच्या चहाबरोबरची 'पचायला हलकी' बिस्किटं: मैदा आणि साखर. 'बिनसाखरेची' आणली, त्यांतही मैदा होताच. साखरेऐवजी गूळ: रंग बदलला, जात तीच. संत्रं सोलून खाल्लं तर चोथा मिळतो. तीन संत्र्यांचा रस काढून प्यालो तर नुसतं गोड पाणी. आणि बँकेतला चहा! काउंटरवर दिवसाला सहा कप, कपाला दोन चमचे, म्हणजे जवळजवळ साठ ग्रॅम साखर, तीही छत्तीस वर्षं. ऊसपट्ट्यात शाखाधिकारी असताना गुऱ्हाळावर प्यालेली काकवी मी त्यात धरलेली नाही.

मग ताटाची फेरमांडणी केली. ती काही फार शोधाची गोष्ट नव्हती. अर्धं ताट पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबिरीचं. पावभर ताट उसळीचं, डाळीचं: मटकी, वाल, चवळी, कुळथाची पिठी. बुधवारी आणि रविवारी अंडी किंवा बांगडा. उरलेल्या पाव ताटात एक भाकरी किंवा दोन लहान पोळ्या. रात्री भात हवाच तर शिजलेला एक लहान वाटी आणि त्या रात्री भाकरी नाही. जेवताना आधी कोशिंबीर आणि उसळ, मग भाकरी. या क्रमानं जेवणानंतरची साखर कमी चढते असं लहान प्रयोगांत दिसलं आहे, आणि मला जाणवलेला फायदा असा की भाकरीपर्यंत येईतो अर्धी भूक भागलेली असते. चहा दोन कप, बिनसाखरेचा. पहिले पंधरा दिवस तो काढ्यासारखा लागला, सोळाव्या दिवशी चहाला चहाची चव आहे हे कळलं. दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटं चालणं. चालणारे स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतात. आठवड्यातून तीन दिवस उठाबशा. शाळेत शिक्षा म्हणून काढल्या होत्या, आता औषध म्हणून.

याला आधार आहे. अमेरिकेतल्या तीन हजारांहून अधिक लोकांवरच्या प्रयोगात, जो २००२ साली प्रसिद्ध झाला, आहार, व्यायाम आणि वजनघट यांनी मधुमेहाकडे जाणाऱ्यांचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटवलं. मेटफॉर्मिन या गोळीनं ३१ टक्क्यांनी. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी ५३१ माणसांवर केलेला प्रयोग २००६ चा. त्याचे आकडे अधिक सावध आहेत आणि म्हणून मला अधिक आपले वाटतात. नेहमीच्या सल्ल्यावर सोडलेल्यांपैकी तीन वर्षांत ५५ टक्के माणसं मधुमेही झाली. आहार-व्यायाम सांभाळणाऱ्यांतली ३९ टक्के. म्हणजे पथ्य पाळूनही काहीजण पलीकडे गेलेच. त्यात त्यांचा गुन्हा नव्हे. पण शंभरातले सोळाजण अलीकडे राहिले, आणि त्या सोळांमध्ये आपण असू शकतो. काहींना डॉक्टर गोळी देतात, ती घ्यावी. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा साखरेची औषधं चालू आहेत, त्यांनी माझं ताट उचलू नये; आपल्या डॉक्टरांकडून आपलं मांडून घ्यावं.

आठ महिन्यांत वजन साडेचार किलोनं उतरलं आणि एचबीए१सी ५.८ झाला. खातं नियमित झालेलं नाही. अजून देखरेखीखाली आहे. तरी मी मिठाईऐवजी चण्याची पुडी घेऊन डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी अहवाल पाहिला, पाठीवर थाप मारली आणि सहज विचारलं, "वहिनींची तपासणी कधी केली होती?"

मला उत्तर देता आलं नाही. स्वतःच्या आकड्यांचं लेजर दोन दशांशांपर्यंत भरणारा मी. तिची साखर शेवटची कधी पाहिली, हे घरात कुणालाच आठवत नव्हतं.

तिचा आकडा ६.३ आला. हिमोग्लोबिन ९.८. रक्तात लोह कमी असलं तर एचबीए१सी कधी कधी खोटा चढलेला दिसतो, म्हणून डॉक्टरांनी त्यावर विसंबून न राहता उपाशीपोटी आणि ग्लुकोजचं पाणी पाजून दोन तासांनी अशी रीतसर तपासणी करायला लावली. १०८ आणि १६८. निदान पक्कं. पण मला कळेना, हिला कसं होईल? ही भाकरीवाली. गोडाचा सोस नाही. सकाळपासून उभीच.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर ती ओट्याशी उभी राहून कढईतूनच फोडणीचा भात खात होती.

"हे काय?"

"काल रात्रीचा उरलेला. टाकायचा का?"

"रोज उरतो?"

"तुम्ही सोडल्यापासून उरतोच की."

माझं ताट बदललं होतं, पण तांदळाच्या डब्यातलं माप बदललं नव्हतं. राजापूरहून आलेला आईचा पितळी मापांचा संच आमच्याकडे आहे: शेर, मापटं, चिपटं, कोळवं. दोघांचा दिवसाचा तांदूळ म्हणजे एक चिपटं, हे आईनं घालून दिलेलं. आमच्या तराजूवर ते भरलं २१० ग्रॅम. मी माझा वाटा सोडला, माझ्या भाकऱ्या वेगळ्या थापल्या गेल्या, आणि चिपटं मात्र रोज काठोकाठ शिजत राहिलं. त्यातलं माझ्या नावावरचं वर्षभर तिच्या पोटात गेलं, थंड, फोडणी घालून, उभ्या उभ्या. अन्न टाकायचं नाही, हे दुष्काळात वाढलेल्या मुलीला शिकवावं लागत नाही. माझ्या खात्यात दिसणारी बचत कुणाच्या नावे टाकली जाते आहे, हे मी एकदाही तपासलं नव्हतं. शाखेत असा ताळेबंद कुणी माझ्यापुढे ठेवला असता तर मी तो फेकून दिला असता.

पथ्य म्हटलं की आपण एका माणसाचं ताट पाहतो. पण ताट हे शेवटचं ठिकाण. निर्णय त्याच्या कितीतरी आधी, डब्यात माप बुडतं तेव्हा होतो. आणि घरातला उरलेला घास ज्या बाईच्या वाट्याला जातो तिच्याही रक्तात तो तितकाच उतरतो. एकाची नोटीस आली की घरातल्या सगळ्या मोठ्यांची खाती तपासावीत, एवढं मी या सगळ्यातून शिकलो.

आता चिपटं फडताळात आहे आणि तांदळाच्या डब्यात कोळवं, म्हणजे चिपट्याचं बरोबर निम्मं. दोघांची ताटं एकसारखी वाढली जातात. रात्रीची भांडी मी घासतो, त्यामुळे तिलाही जेवणानंतर चालायला वेळ होतो. पहिले काही दिवस कोपऱ्यापर्यंत जाऊन "दूध तापवायचं राहिलं" म्हणून परतायची, आता वळसा पूर्ण करते. लोहाच्या गोळ्या चालू आहेत. तिची पुढची तपासणी दीड महिन्यावर आली आहे आणि लेजरमध्ये तिच्या नावाचं वेगळं पान उघडलं आहे.

परवा मुलगा-सून, नातवंडं आली तेव्हा तिनं चिपटं काढलं. डब्यात बुडवता बुडवता थांबली आणि बाहेर हाक मारून विचारलं, "अहो, जेवायला नक्की किती जण आहोत?"

मी मोजून सांगितलं.